म्हस्के भाऊसाहेबांची पेन्सिल

म्हस्के भाऊसाहेब गेल्याची बातमी मला राहुरीत मिळाली. तिथल्या एका कॉलेजातल्या कारकुनांना आमचं सॉफ्टवेअर शिकवायला गेलो होतो. समोर वीसेक माणसं बसलेली, आणि टेबलावरचा मोबाईल थरथरला. स्टाफच्या ग्रुपवर एक ओळ होती, की आपले निवृत्त हेडक्लार्क काष्टीला राहत्या घरी झोपेत गेले. मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, मोबाईल पालथा ठेवला आणि पुढचा भाग शिकवायला घेतला. महिनाभर गैरहजर असलेल्या विद्यार्थ्याचं नाव पटावरून आपोआप कसं कमी होतं, तो भाग. त्याला आता दीड महिना झाला…

मी पाथर्डीच्या अंगाचा. आई-बाप कोयत्यावर जायचे, म्हणजे दसरा झाला की ऊस तोडायला साखर कारखान्याच्या मुलखात. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि हे मी कुणाही पुढं ताठ मानेनं सांगतो. अकरावीला असताना मीही मोळ्या बांधायला गेलो आणि मार्चात परत आलो. कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीपुढं रांग होती. आत भाऊसाहेब. माणूस बागायतीतला, आमच्या कोरड्या भागाची त्यांना कीव नव्हती, चेष्टा होती. मला बघून मोठ्यानं म्हणाले, "आले का चेअरमन? आन् साखर कुठाय? नुसतेच आले व्हय हात हलवत?" रांग हसली. पोरीही हसल्या. मग फॉर्मवर बापाच्या सहीच्या जागी अंगठा दिसला, तर म्हणाले, "ह्यो बरा हाय. सहीपरीस ठसठशीत." हे मी विसरलो नाही. विसरायचं नाही असं त्या दिवशीच ठरवलं होतं.

तोंड असं चाललेलं असताना त्यांचा हात मात्र दुसरंच काही करत होता. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं. माझ्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलीनं एक शब्द लिहिलेला होता, 'येणार'. त्यांनी रबरानं तो खोडला, फुंकर मारली आणि म्हणाले, "जा वर्गात. ध्यान कशाला करून उभा राह्यलायस?" दसऱ्यानंतर उठून गेलेल्या कुठल्याच पोराचं नाव ते कापत नसत. पेन्सिलीनं 'येणार' लिहायचं, पोरगं परत आलं की खोडायचं. हा नियम कुठल्या परिपत्रकात नव्हता, त्यांचा त्यांनीच केलेला होता. त्याच्या जोरावर मी परीक्षेला बसलो आणि पुढं पदवीधर झालो. उपकार मानायचे तर मानायला हवे होते. पण मला आठवत राहिला तो अंगठा.

पुढं त्याच कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवायला लागलो आणि संस्थेनं नवीन सॉफ्टवेअर आणलं तेव्हा त्याची जबाबदारी माझ्याकडं आली. पहिल्याच बैठकीत भाऊसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "अरे, आमचा चेअरमन आला की." मी म्हणालो, "भाऊसाहेब, आता सर म्हणायचं." त्यानंतर ते मला सरच म्हणाले. आम्ही दोघंच असलो तरीही.

जुनी रजिस्टरं स्कॅन करायची होती. पेन्सिलीच्या खुणा पानावर डागासारख्या उमटत होत्या, म्हणून मी त्यांना त्या खोडायला सांगितल्या. ते रजिस्टर छातीशी धरून उभे राहिले. "सर, ही अजून यायची हायेत." तीस वर्षांत जे परत आलेच नाहीत, त्यांच्या नावापुढचे ते शेरे होते. मी म्हणालो, "भाऊसाहेब, त्यातले निम्मे आता आजोबा झाले असतील. अकरावीला बसवता का त्यांना?" ऑफिस हसलं. तेही हसले, आणि चार दिवस मान खाली घालून खोडत बसले. पाचव्या दिवशी शिपाई त्यांच्या टेबलाखालचा रबराचा चुरा झाडत होता आणि ते पाय वर उचलून बसले होते.

जूनला सॉफ्टवेअर सुरू झालं. शेऱ्याला त्यात रकानाच नव्हता. भाऊसाहेबांनी सगळे रकाने चाचपून पाहिले. 'ओळखचिन्ह' या एकाच रकान्यात मनचा मजकूर टाकता येत होता. उजव्या गालावर तीळ, कपाळावर व्रण, असलं काही लिहायची ती जागा. दसऱ्यानंतर जी नऊ पोरं गेली, त्यांच्या ओळखचिन्हात भाऊसाहेबांनी एका बोटानं टाईप केलं, 'येणार'. त्यांना वाटलं, जो कोण आत बसून वाचत असेल त्याला कळेल. महिना झाला आणि नऊच्या नऊ नावं गेली. पण ओळखपत्रांची यादी त्याआधीच छपाईला गेली होती. संक्रांतीला कार्डं आली, त्यावर फोटो, नाव, आणि खाली छापलेलं, ओळखचिन्ह : येणार.

त्या कार्डाचा फोटो मीच ग्रुपवर टाकला. प्राचार्यांनी भाऊसाहेबांना बोलावून विचारलं, "म्हस्के, कोण येणार आहे? पालकमंत्री का?" मग ते माझ्या टेबलाशी आले. "सर, नावं मागं घेता येतील का? एप्रिलात परीक्षा हाय. पोरं येत्याल तवर." मी म्हणालो, "सिस्टीम घेत नाही." "पन मी लिवलं हुतं की त्यात." "भाऊसाहेब, आत कोणी बसलेलं नसतं वाचायला."

सिस्टीम घेत होती. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितोय. संस्थेच्या ऑफिसला माझ्या सहीचं एक पत्र गेलं असतं, तर नावं परत पटावर आली असती. भाऊसाहेब माझ्यापुढं उभे होते, खुर्ची रिकामी असून मी बसा म्हणालो नव्हतो, आणि मला बरं वाटत होतं.

नऊपैकी आठ जणांना मित्रांनी फोनवर कळवलं, नाव गेलं, येऊ नको. मनीषा नावाची पोरगी तरीही आली. मार्चातली दुपार होती. खिडकीत त्या दिवशी मी बसलो होतो. तिचे तळहात फाटलेले, उसाच्या पाचटानं चिरलेले. म्हणाली, "सर, अकरावी कला. माझं नाव बघा ना." मी पडद्यावर पाहिलं. "नाव नाही. जूनला नवीन ऑनलाईन अर्ज कर." ती म्हणाली, "भाऊसाहेब म्हणले हुते, ठिवतो म्हनून." भाऊसाहेब माझ्या मागंच उभे होते. एरवी अशा वेळी त्यांची जीभ काय चालायची… त्या दिवशी ते कपाट उघडून फायली लावायला लागले. पोरगी थोडा वेळ आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली आणि गेली.

मे अखेरीस ते निवृत्त झाले. निरोप समारंभात मी ओळखचिन्हाचा किस्सा रंगवून सांगितला, टाळ्या घेतल्या. शाल अंगावर घेऊन तेही हसत होते. नंतर बाजूला येऊन म्हणाले, "सर, जूनला त्या पोरीला घ्याल ना?" मी म्हणालो, "अर्ज आला तर घेऊ." ती आमची शेवटची भेट. अर्ज आला नाही. मेमध्येच तिचं लग्न झालं होतं आणि पुढच्या दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर गेली.

सॉफ्टवेअर उत्तम चाललंय. दाखल्याला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता पाच मिनिटं. हे काम मी केलंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

गेल्या आठवड्यात ऑफिसातलं त्यांचं कपाट रिकामं करायला घेतलं. तळाशी एक रजिस्टर निघालं. हातानं लिहायची बंदी केल्यावरही त्यांनी ते वर्षभर लिहिलं होतं. अकरावी कला, सगळी नावं ओळीनं, शाईत. नऊ नावांपुढं शेऱ्यात पेन्सिलीनं 'येणार'. कपाटातच त्यांची बोटभर उरलेली पेन्सिल होती आणि झिजलेलं रबर. त्यांच्या नियमानं आलेल्या पोराचा शेरा खोडायचा. मी रबर उचललं आणि मनीषाच्या ओळीवर धरलं… आणि परत ठेवलं.

ती आली होती. खिडकीत मी होतो.