मेणबत्तीचा दोष नव्हता

“ही जखम मेणबत्तीची नाही,” बर्न्स क्लिनिकमधल्या डॉक्टर म्हणाल्या. “मेणबत्ती असं खोल जाळत नाही. खिशात काय होतं तुमच्या?”

अपघाताला पाच दिवस झाले होते. माझ्या उजव्या मांडीवरचं ड्रेसिंग नुकतंच सोडलं होतं. फुल थिकनेस बर्न, त्या म्हणाल्या, म्हणजे कातडीचे सगळे थर जळलेत. त्यातही केमिकल बर्नचा भाग दिसतोय, म्हणजे रसायनाने भाजलंय. स्किन ग्राफ्ट करावा लागेल, म्हणजे दुसरीकडची पातळ कातडी काढून इथे लावायची.

मी खिडकीबाहेर बघत होतो. बर्मिंगहॅमवर विरळ ढग होते, कुणीतरी हळूच सोडलेल्या वाफेसारखे. शेजारी वैशाली, माझी बायको, माझा कोट मांडीवर घेऊन बसली होती.

“बॅटरी,” मी म्हणालो. “व्हेपची.”

कुणी दचकलं नाही. डॉक्टरांनी लिहून घेतलं. वैशालीने कोटाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

आता सगळंच सांगतो. असं लपवणारा मी एकटाच नसेन.

व्हेप म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. माझ्या व्हेपमध्ये बोटाएवढा, चार्ज होणारा लिथियमचा सेल असतो. तीन वर्षांपूर्वी मी सिगारेट सोडली. आमच्या रविवारच्या बुद्धवंदनेनंतर त्यावर दोन शब्द बोललो, आणि टाळ्या पडल्या. सिगारेट सुटली हे खरंच होतं. तिच्या जागी काय आलं, ते मात्र टाळ्या ऐकल्यावर सांगवेना. ऑफिसच्या कार पार्कच्या वरच्या मजल्यावर उभं राहून मी आंब्याच्या वासाचे ढग सोडायचो. ते शहरावर विरून जाताना बघत राहायचो.

सेल जुना झाला होता. आधी दिवसभर पुरायचा, मग जेवणाच्या सुट्टीतच मान टाकायला लागला. चार्ज होताना गरम व्हायचा. बदलायची वेळ झाली, हे मला कळत होतं. मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, ट्रेनचं वायरिंग तपासणं हे माझं काम.

पण डोक्यात आमचं नागपूरचं घर. तिथे रेडिओचे सेल संपले की आई ते पत्र्यावर उन्हात ठेवायची. संध्याकाळी रेडिओ पुन्हा गायचा, जरा दमल्यासारखा. सेल टाकायचा नसतो, त्याला ऊन दाखवायचं असतं, हे माझ्या हाडात बसलेलं. म्हणून तो लिथियमचा सेल मी खिडकीत, कुंडीमागे ठेवायचो. बर्मिंगहॅमच्या उन्हात. आणि खिशात दुसरा बाळगायचो. त्याचं वरचं प्लास्टिक फाटलं होतं. मी चिकटपट्टी लावली होती.

त्या रविवारी आमच्या वंदनेच्या हॉलच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. पांढऱ्या कुर्त्याच्या एकाच खिशात किल्ल्यांचा जुडगा आणि तो सेल. मूर्तीपुढची फुलं सारखी करायला मी वाकलो. खिशात काहीतरी फुसफुसलं आणि मग खिशातच सूर्य उगवला. मला आधी आवाज बंद झाल्यासारखं वाटलं, सगळी माणसं पांढऱ्या कपड्यांत, पांढऱ्या धुरात, पाण्याखाली असल्यासारखी. मग दुखलं. कुणीतरी फुलदाणीतलं पाणी ओतलं. सेल टेबलाखाली घरंगळला.

मी जळत होतो, आणि त्याच पायाने मी तो सेल आणखी आत ढकलला.

दर रविवारी मेणबत्त्या लावायचं काम माईंचं. ऐंशीच्या घरातल्या माई हॉल सुरू झाला तेव्हापासून आहेत. त्या रडत म्हणत होत्या की माझीच मेणबत्ती फार पुढे होती रे. मी ऐकलं आणि गप्प बसलो. इमर्जन्सीत विचारलं तेव्हा त्यांचंच वाक्य माझं म्हणून सांगितलं. तासाभरापूर्वीच, खोटं बोलणार नाही हे चौथं शील मी सगळ्यांना म्हणायला लावलं होतं.

इमर्जन्सीत जखमेवर थोडा वेळ पाणी धरलं, ड्रेसिंग केलं आणि घरी पाठवलं. पुढचे दिवस कोडीनच्या गुंगीत गेले. कोडीन म्हणजे दुखणं लांब नेऊन ठेवणारी गोळी. लांब गेलं नाही ते एकच, फोनवरचा माईंचा आवाज. दिवसातून दोनदा त्या विचारायच्या, कसा आहे तो.

क्लिनिकमध्ये मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर? डॉक्टर म्हणाल्या, “पहिल्याच दिवशी पीएच बघितला असता, म्हणजे जखमेत सेलमधलं दाहक अल्कली आहे का ते. बराच वेळ धुतलं असतं. ग्राफ्ट टळलाच असता असं मी म्हणणार नाही. टळला नसता असंही नाही.” त्या चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बसमध्ये वैशालीने माझा कोट नाकाला लावला. मग म्हणाली, “तुमच्या ऑफिसात बारा महिने आंबे कोण खातं, असं वाटायचं मला.” मी हसलो. ती हसली नाही. “माईंना कोण सांगणार, अहो?”

ऑपरेशनच्या दिवशी भूल चढताना मी पत्र्याच्या छपरावर होतो. उन्हात सेल ओळीने मांडलेले. माई एकेक सेल कूस बदलावी तसा फिरवत होत्या. जाग आली तेव्हा डावी मांडी जास्त दुखत होती. ती डोनर साइट, म्हणजे जिथून कातडी घेतली ती जागा. पाचव्या दिवशी नर्सने पट्टी उघडून पाहिलं आणि ग्राफ्टने टेक घेतलाय म्हणाली. म्हणजे रोपानं मूळ धरावं तसं कातडीनं धरलंय.

तुमच्यापैकी कुणी व्हेप ओढत असेल तर ऐका. सेल पार मरेपर्यंत ओढू नका, व्हेपवरचा दिवा मंदावला की चार्ज करा, आणि चार्ज होताना नजरेसमोर ठेवा. लवकर संपायला लागला, तापला, पोचा आला, वरचं प्लास्टिक फाटलं, की तो सेल गेला. चिकटपट्टी नाही, ऊन नाही. जुना सेल रिसायकलिंगला द्या. जादा सेल प्लास्टिकच्या डबीत ठेवा, किल्ल्यांबरोबर कधीच नाही, धातू टेकला की शॉर्ट होऊन पेटतो. आणि भाजलंच तर डॉक्टरला पहिल्या मिनिटाला खरं सांगा.

मी काठी टेकत हॉलवर गेलो तेव्हा मूर्तीपुढे प्लास्टिकच्या मेणबत्त्या होत्या, बॅटरीवर लुकलुकणाऱ्या. माईंनी आणल्या होत्या. वंदनेआधी मी त्यांच्याशेजारी बसलो आणि सगळं सांगितलं, पायाने ढकललेल्या सेलसकट.

त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले.

“म्हणजे माझा हात थरथरला नव्हता?”

“नाही, माई.”

“महिना झाला, मी काडी ओढली नाही. घरी देवळीत दिवासुद्धा सून लावते.” मग त्यांनी त्या प्लास्टिकच्या मेणबत्त्या गोळा करून माझ्या मांडीवर, चांगल्या बाजूला, ठेवल्या. “ह्या ने. सेल कधी बदलायचे ते तुला फार कळतं म्हणे.”

नंतर मी सगळ्यांसमोर उभा राहून पुन्हा सांगितलं. या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. मला त्याचं बरं वाटलं.

डॉक्टरांचे, त्या नर्सचे, वैशालीचे आभार मानायचे आहेतच. पण डोळ्यांपुढे येतात त्या माई. त्याच रविवारी मूर्तीपुढे खरी मेणबत्ती ठेवून त्यांनी काडी ओढली, ती विझली. दुसरी मोडली. हात थरथरत होता, आता तो वयानेच. कुणी मदतीला पुढे झालं नाही, मीही नाही. तिसरी पेटली.