फ्लॉपीच्या कपाळी कुंकू

बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात एक्याण्णव साली दोन कॉम्प्युटर आले आणि ते सांभाळायला पालघरजवळच्या माहीमची जमना नेमली गेली. साहेबलोकांना वाटलं, मासळीवालीची पोर, खाली मान घालून बटणं दाबेल. अरे, काशीबाईची लेक ती! आईनं पालघरच्या बाजारात भल्याभल्या गिऱ्हाइकांना झाडलेलं तिनं पाटीशेजारी बसून ऐकलं होतं.

कॉम्प्युटरच्या खोलीत जमनाचा कायदा. एका साहेबानं चहाची शेगडी लावायला चालू कॉम्प्युटरचा प्लग उपटला. दुसऱ्या दिवशी त्याचा पासवर्ड बदललेला.

"नवा काय आहे?"

"इंग्रजी अक्षरांत लिवा साहेब. मी माठ हाय."

साहेबाला शब्द पुटपुटल्याशिवाय टाइप करता येत नसे. आठवडाभर सगळं ऑफिस कान टवकारून बसायचं.

पण कहर केला तो खंडेरावानं. हा हजेरी खात्याचा मुख्य, साताऱ्याकडचा, देवभोळा. खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. जमना जेवायला गेली तेवढ्यात हा ताट घेऊन आत शिरला. एका कॉम्प्युटरला झेंडूचा हार घातला, त्याच्याच डोक्यावर नारळ फोडला. पाणी आत. मग फ्लॉप्यांकडे वळला. त्या काळ्या चौकोनी पाकिटांना एक लांबट खाच असते, तिच्यातून आतली चकती दिसते. खंडेरावाला ते कपाळ वाटलं. एकेकीच्या खाचेत त्यानं ओलं कुंकू भरलं.

जमना परतली तर कॉम्प्युटर मेलेला, फ्लॉप्या मळवट भरून निकामी.

"कोणी केला हा उद्योग?"

"अगं, पूजा केली. पुण्याचं काम."

"पुण्य? बेचाळीस माणसांची यादी होती आत!"

ती कंत्राटी कामगारांच्या भरलेल्या दिवसांची होती. वर्षात ज्याचे दोनशे चाळीस दिवस भरले तो कायम होणार, आणि यादी सोमवारी सकाळी वर जायची होती. चुकली तर सालवड-सरावली गावांची ती माणसं आणखी वर्षभर कंत्राटदाराच्या दारात उभी.

"आता उद्या तुमी हजेरीची कार्डं घेऊन यायचं," जमना म्हणाली. "एकेक दिवस वाचायचा. मी दुसऱ्या कॉम्प्युटरवर भरते."

"उद्या दसरा! बायकोनं पुरणाचा घाट घातलाय."

"मग डबा आणा. आणि चपला बाहेर."

दसऱ्याला, शनिवारी, रविवारी खंडेराव अनवाणी, एसीच्या गार हवेत कानाला मफलर बांधून वाचत बसला. आवाज पडला की जमना म्हणे, "मोठ्यानं, मशीनला ऐकू येत नाय." बिचारा खरंच मशीनकडे वळून ओरडायचा.

रविवारी दुपारी आनंदाचं कार्ड आलं. रंगाच्या पंपावरचा माणूस. जमनानं बेरीज केली आणि तिची बोटं थांबली.

"दोनशे त्रेचाळीस. मागं तुमी मला नुसती बेरीज लिवून दिली होती. त्यात दोनशे एकोणचाळीस होते."

"चूक झाली असेल."

"पुढचं वाचा."

पुढच्यातही तेच. संध्याकाळपर्यंत असे सोळा निघाले. सगळे नेमके दोनशे एकोणचाळीसवर अडकवलेले. खंडेराव मफलरात तोंड खुपसून बसला.

"कंत्राटदार म्हणाला होता..." तो पुटपुटला.

"कंत्राटदाराला मी बघते. एकाचं चुकतं साहेब, सोळा जणांचं नाय चुकत. करा नव्या यादीवर सही."

त्यानं सही केली. तिथं सोडेल ती जमना कसली? सोमवारी यादी वर पोचल्यावर तिनं आनंदाला पंपावरून बोलावलं आणि खंडेरावासमोर उभं केलं.

"सांगा त्याला. तुमच्या तोंडानं."

"आनंदा, तू कायम झालास," खंडेराव जमिनीकडे बघत म्हणाला.

आनंदाचे हात निळ्या रंगानं कोपरापर्यंत माखलेले. त्याला काही उमगेना. "म्हंजे उद्यापासून येऊ नको का, साहेब?"

खंडेरावाला ते तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्या वेळी त्यानं मान वर केली.