रिकाम्या जागेचा राखणदार

आमच्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर अडला की दुरुस्तीवाले काका जयसिंगपूरहून मोटरसायकलवर येतात. आधी बशीतून चहा पितात, मग "समदी बाहेर व्हा" म्हणत दार लावून घेतात. जरा वेळानं दार उघडतं आणि कॉम्प्युटर सुरू झालेला असतो.

दुखणं दर वेळी एकच. डेटाबेसमधल्या प्रत्येक बारीक हालचालीची नोंद ठेवणारी लॉग फाईल आपोआप फुगत जाते, डिस्क भरते आणि काम ठप्प होतं. बाहेर दूधवाले कॅन आपटायला लागतात.

एकदा मी संस्थेचा हिशेब लिहीत आतच बसून राहिले. त्यांनी एक भलीमोठी फाईल उडवली. तिच्यात काहीच नव्हतं. जागा अडवायला ती मागच्या खेपेला त्यांनीच ठेवली होती. ती गेल्यावर काम करण्यापुरती जागा झाली, मग त्यांनी लॉग छाटली आणि निघताना तसलीच पोकळ फाईल पुन्हा बनवली.

"अहो, त्यापेक्षा मोठी डिस्क घेऊया की!"

"मोठं घर बांधलं म्हणून पावणं कमी येत्यात व्हय, मॅडम? मोकळी जागा दिसली की तुमचं चेअरमन लग्नाचं व्हिडिओ भरत्यात. कुणाला सांगू नगासा."

मी सांगितलं नाही.

यंदा वार्षिक सभेत चेअरमननी त्यांना फेटा बांधला, शाल घातली. माईकवर ते एवढंच म्हणाले, "म्या काय बी केलं न्हाय, नुसती रिकामी जागा सांभाळली."

"केवढा हा विनय!" चेअरमन गहिवरले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या दिवशी माईकवरून बोललं गेलेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं. टाळ्या वाजवताना हे मला एकटीलाच माहीत होतं.