दत्ताच्या पायातला जोर

मिरजेच्या दवाखान्यातून दत्ताच्या पोराचा फोन आला तेव्हा मी सायकलच्या चाकात हवा भरत होतो. 'काका, पप्पा गेले,' एवढंच तो बोलला. पंप हातात तसाच राहिला. चारच दिवसांपूर्वी आम्ही दोघं आगाशिवच्या डोंगराच्या पायथ्याचा चढ सायकलींवरून चढून आलो होतो... मी धापा टाकत आणि तो गप्पा मारत.

दत्ता फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. निवृत्त होऊन कराडला आला आणि विजेच्या सायकलीच्या नादाला लागला. पहिल्या सायकलीवर तो लय वैतागायचा. तिच्या सेन्सरला फक्त पायडल फिरलेलं कळायचं. जोर न लावता पाय फिरवला तरी मोटर सुटायची. मग त्यानं दुसरा सेन्सर बसवला. तो पायाचा दाब मोजायचा. जेवढं दाबाल त्या मानानं मोटर मदत करणार, आणि किती दाबाला किती मदत, हे आपण ठरवायचं. 'निम्मी मेहनत माझी, निम्मी मोटरची,' असं तो सांगायचा. मी साध्या सायकलीवाला, त्याला आळशी म्हणून चिडवायचो. तो नुसता हसायचा. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तेरावं झाल्यावर वहिनींनी ती सायकल मला न्यायला सांगितली. मी जुन्या सवयीनं डावा पाय पायडलवर दाबून टांग टाकायला गेलो, तर सायकल हातातून निसटून थेट फाटकावर आदळली. दुकानात नेली. मेकॅनिक म्हणाला, बिघाड काही नाही. पाय नुसता टेकला तरी मोटर पूर्ण ताकदीनं ओढेल, असं मुद्दाम लावलंय. कसली निम्मी-निम्मी! दत्ताच्या पायात काही उरलंच नव्हतं.

परत येऊन वहिनींना विचारलं.

'भावजी, दिवाळीपासनं त्यास्नी जिना चढवत न्हवता. हृदय थकलंय म्हणाले डॉक्टर. तुमास्नी सांगू दिलं न्हाई. म्हणायचे, त्याला कळलं तर तो माझ्यासाठी हळू चालवंल.'

माझ्या पायाला साजेसं सेटिंग करून देतो, असं मेकॅनिक म्हणाला होता. मी करू दिलं नाही. रोज सकाळी त्याच चढाला जातो, त्याच्याइतका हलका पाय टेकवायला बघतो... जमत नाही, सायकल उधळतेच. मी हळू चालवली असती तर काय बिघडलं असतं रं? गड्या, एकदा बोलला असतास, तर मी सायकल हातात धरून तुझ्याबरोबर चालत आलो असतो.