मूळ प्रत

मेलेल्या माणसांवर इतका विश्वास आणि जिवंत माणसांवर इतका अविश्वास असलेला काकांसारखा दुसरा इसम आमच्या वसई-विरार पट्ट्यात झाला नाही. नालासोपाऱ्यात एका जिन्याखाली त्यांचं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पत्रिका-पत्रकं जुळवून द्यायचं दुकान होतं. आम्ही पोरं त्यांना खिडकीवाले काका म्हणायचो. कारण दुकानाला खिडकी नव्हती आणि काकांच्या तोंडी मात्र सदैव खिडकीच असे. फ्लॉपीच्या कोपऱ्यात एक इवलासा खटका असतो. तो सरकवला की आरपार भोक दिसतं आणि मग त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, काही पुसताही येत नाही. "घराची खिडकी उघडी राहिली तर चोर शिरतो," काका म्हणायचे, "हिची बंद राहिली तर." गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी ते प्रत्येक फ्लॉपी डोळ्याला लावून त्या भोकातून पलीकडे बघत. काय दिसतं म्हणून मी एकदा विचारलं. "अजून सगळे आहेत," म्हणाले.

हे वेड एका पत्रिकेपासून लागलं. वर्षश्राद्धाच्या जुन्या फाइलवरच त्यांनी एक लग्नपत्रिका चढवली. नावं बदलली, तारीख बदलली, एक 'कै.' तेवढं राहून गेलं, ते नेमकं वधूपित्यासमोर. ते गृहस्थ पत्रिका घेऊन दुकानात आले, स्टुलावर शांत बसले आणि म्हणाले, "अहो, मी गेलो कधी, तेवढं तरी सांगा." काकांनी पत्रिका पुन्हा छापून दिल्या. लग्न थाटात झालं. पावसाळा सरायच्या आत ते गृहस्थ खरोखरच गेले आणि निधनाची बातमी जुळवायला जावई काकांकडेच आला. घाईत काकांनी लग्नपत्रिकेचीच पहिली, चुकलेली फाइल उघडली. 'कै.' तिथे आधीच होतं.

तेव्हापासून काकांनी मूळ फाइलवर काम करणं सोडलं. आधी नक्कल, मग दुरुस्ती. मूळ फाइलीला कुलूप; तिच्यात काही बदलायला गेलं तर संगणक नकार देई आणि काका समाधानाने मान डोलावत, जणू आतून कुणी ओळखीचं बोललं. फाइलींची नावं असत 'मूळ', 'मूळ हात लावू नये' आणि 'देवाशपथ मूळ'. भर दुपारी वीज जाई, संगणकाची बॅटरी किंचाळू लागे, अंधारात पडदा तेवढा उजळलेला. मग काका खालच्या आवाजात सांगत, "जोरात बोलू नकोस. सेव्ह व्हायचंय."

मी तेव्हा पत्रकं लिहायचो. टँकरवाले वाड्यांतल्या विहिरी उपसून नेत होते आणि मी पेटलो होतो. वसईतल्या होळी नावाच्या भागाजवळ एका वाडीत एका म्हातारीने, आम्ही तिला आये म्हणायचो, मला दोन वाक्यं सांगितली. मी ती कागदावर उतरवली, काकांनी जुळवली. वाचताना मला ती पुळचट वाटली. काकांना उठवून मी खुर्चीत बसलो आणि आयेचं बोलणं दुरुस्त केलं: "पाणी आमचे आहे, विहीर आमची आहे!" तिची वाक्यं उतरवलेला कागद फाडून टाकला.

"तिला विचारलंस?" काकांनी विचारलं.

"काका, अर्थ तोच आहे हो."

त्यांनी एका फ्लॉपीचा खटका सरकवला आणि ती खणात ठेवली.

महिन्याभरात आये गेली. तिच्या बाराव्यानंतर तिची मुलगी दुकानाचा पत्ता शोधत आली. तिच्या थोरल्या भावाने विहीर टँकरला द्यायचं ठरवलं होतं आणि पुरावा म्हणून माझंच पत्रक नाचवत तो म्हणत होता, "आये बोललीच हाय ना, पानी आपला! आपला म्हंजे विकाचा हक्क बी आपला." मुलगी माझ्याकडे बघत म्हणाली, "आये असं बोलनार नाय. काय बोलली ती, सांग."

मला आठवेना. शपथेवर सांगतो, माझंच वाक्य कानात वाजत होतं, तिचं नाही.

काका उठले. एक फ्लॉपी डोळ्याला लावली आणि प्रिंटर करकरू लागला. कागद त्यांनी माझ्या हाती दिला नाही. स्वतः आमच्याबरोबर रिक्षात बसले.

वाडीत टँकर उभाच होता. काकांनी चष्मा सावरला आणि वाचलं, "पानी आमचा नाय, विहिरीचा हाय. नेवाचा तर तिला इचारा."

त्यांचा आवाज घोगरा, पुरुषी. तरीही मुलीने चटकन मागे वळून घराच्या दाराकडे पाहिलं.

थोरला हसला. "विहिरीला इचारू? बरा, इचारतो." भर उन्हात तो काठावर गेला, वाकला आणि ओरडला, "नेऊ का?"

खालून आवाज आला, "नेऊ का?"

त्याचाच होता, सगळ्यांना कळत होतं. पण तो वाकलेलाच राहिला. बराच वेळ. मग सरळ झाला तेव्हा तोंडावर हसू नव्हतं. टँकरवाल्याला त्याने हातानेच जा म्हणून खुणावलं.

परतताना मी भारावून म्हणालो, "काका, विहीर 'नाही' म्हणाली!"

"नाही कुठे म्हणाली?" काका बाहेर बघत म्हणाले. "तिने उलट विचारलं. तू ऐकलंस ना? मग तसंच लिही."

काकांचं दुकान पुढे बंद झालं, ते कुठे गेले कळलं नाही. त्यांनी सांगितलं तसं लिहायला मला इतकी वर्षं लागली.