नानांचा त्रेसष्टावा ठोकळा

नाना गेल्याचा फोन नानांच्याच नंबरवरून आला. बोलत होत्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. मी मात्र सवयीने म्हणून गेलो, "बोला, नाना..."

अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात नानांची हयात गेली. वालधुनी नदीत आज कुठला रंग सोडलाय, हे ते नुसत्या वासावरून सांगत. निवृत्तीनंतर पुलावर उभे राहून निर्माल्याच्या पिशव्या भिरकावणाऱ्यांना अडवू लागले. उल्हासनगरातल्या कॅम्प पाचच्या एका शेठने सुनावलं, "अरे काका, समुंदर किधर, उल्हासनगर किधर!" समुद्र वाचवण्याच्या एका सभेत पाहुण्यांनीही तेच सांगितलं, फक्त सभ्य भाषेत. वर शाल दिली. त्या शालीने नाना ठोकळे पुसत.

ठोकळे लाकडाचे, मुठीएवढे. त्यांवर नंबर, नाव आणि फोन कोरून ते नदीत सोडत. "एक जरी समुद्रात सापडला ना, तर त्या शेठच्या टेबलावर नेऊन ठेवीन." बासष्ट सोडले, फोन एकही आला नाही.

"नाना, तिकडे रेंज नसेल."

"हस लेका. तुझ्यासमोरच वाजेल."

त्रेसष्टावा कोरून झाला होता, सोडायचा राहिला. वहिनींनी तो फोटोपुढे ठेवला. तेराव्याला आवराआवर करताना मी फोटोपुढची हार-फुलं प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली, घट्ट गाठ मारली आणि जाता जाता पुलावरून सोडली. निर्माल्य कचऱ्यात कसं टाकायचं? हातही जोडले. नाना जिथे उभे राहत, अगदी तिथेच... घरी पोचेपर्यंत काही चुकलंय असं वाटलंसुद्धा नाही.

आठवड्याने वहिनींकडे चहा घेत होतो, तेवढ्यात नानांचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे वारा घोंघावत होता.

"नाना हायेत का?"

"कोण बोलतंय?" मी विचारलं.

"वसईवरनं बोलतोय. बोट घेऊन समुद्रात गेलेलो, तर जाळ्यात पिशवी आली. गाठ तशीच हाय. आत हार, नि तुमचं लाकूड. त्रेसष्ट नंबर. कोण गेलं का हो तुमच्याकडं?"

"नाना," मी म्हणालो.

ठोकळा त्याने पाठवून दिला. तो नानांच्या खिडकीत आहे. उन्हात ठेवूनही सुकत नाही. शेठकडे न्यायला दोनदा निघालो आणि परत फिरलो. पिशवी कोणाची होती, असं त्याने विचारलं तर? वहिनी आता फोटोला हार घालत नाहीत. फोन मात्र रोज चार्ज करतात. वाजला की आम्ही एकमेकांकडे बघतो...

बासष्ट अजून पाण्यात आहेत.