पंचशील क्लबचा तेरावा हात

भैयालाल उके बालाघाट नगरपालिकेत तेहतीस वर्षं व्हॉल्व्हमन होता. कुठल्या वॉर्डात किती वाजता पाणी सुटणार, हे त्याच्या खांद्यावरच्या लांब लोखंडी चावीवर ठरायचं. लोकांना नगरसेवकाचं नाव आठवायला वेळ लागायचा, पण भैयालालला शहरभर ओळखत, कारण नळ कोरडा राहिला की शिव्या त्याच्याच नावाने पडत. तो शिव्या ऐकून घ्यायचा, सायकलची घंटी वाजवत पुढे जायचा आणि त्याच घराला दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं जास्त पाणी द्यायचा. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाला जग ज्या भावात घेतं, त्याच भावात शेवटी त्यालाही घेतलं गेलं.

पाणी ही त्याची नोकरी होती आणि पंचशील क्लब हा त्याचा जीव. चौऱ्याऐंशी साली वस्तीतल्या अकरा पोरांनी मिळून हा फुटबॉल क्लब काढला, तेव्हा भैयालाल डाव्या बाजूचा बॅक होता. मैदान नव्हतं. वस्तीतल्या डोमाजी नावाच्या निपुत्रिक म्हाताऱ्याने आपली दीड एकर मुरमाड पडीक जमीन मरणाआधी क्लबच्या नावे करून दिली. तिच्यातले दगड वेचायलाच पोरांना दोन उन्हाळे लागले. डोमाजीने एकच अट घातली. "या मैदानाचं काही करा लागलं, तं तुमच्या अकरातला एक तरी माणूस तिथं हजर पायजे. त्याच्याबिगर ठराव नाही." ही अट क्लबच्या नियमावलीत जशीच्या तशी उतरली.

क्लब चालायचा तांदळावर. धानाची कापणी झाली की वस्तीतलं प्रत्येक घर पायलीभर तांदूळ द्यायचं. कोणाचं गावाकडे शेत असायचं, कोणी बाजारातून विकत आणून द्यायचं, पण दिल्याशिवाय कोणी राहत नसे. तो तांदूळ विकून चेंडू यायचे, जोडे यायचे, कटंगीच्या टूर्नामेंटला जायचं गाडीभाडं निघायचं. ज्याचा तांदूळ, त्याचा हात, असा कायदा होता. म्हणजे पायली देणाऱ्यालाच सभेत हात वर करता यायचा. एकदा एका ठेकेदाराने क्लब बळकावायला, कधीकाळी एकदाच पायली देऊन गेलेली चाळीस माणसं आणून उभी केली. तेव्हा भैयालालनेच नियमावलीत आणखी एक ओळ घालायला लावली, की लागोपाठ तीन हंगाम ज्याची पायली चुकली त्याचं नाव कमी. ठेकेदार पळाला आणि वस्तीने भैयालालला खांद्यावर घेतलं. तांदूळ गोळा करायचं काम साहजिकच त्याच्याकडे आलं, कारण पाण्यामुळे त्याला सगळी दारं पाठ होती.

पुढे संघाला वाईट दिवस आले. पोरं कामासाठी नागपूर, रायपूरला गेली. कटंगीला सहा गोल खाऊन आल्यावर तर रस्त्यातली कुत्रीही आपल्यालाच हसतायत असं भैयालालला वाटलं. अशा वेळी बाबूलाल सेठ आला. गोंदिया रोडवर त्याच्या दोन राईस मिल, वीस-बावीस ट्रक. क्लबच्या एका कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा म्हणून आला आणि हार गळ्यात असतानाच बोलून गेला, की क्लब माझ्याकडे द्या, मध्य भारतात नाव करून दाखवतो. वस्तीने टाळ्या वाजवल्या. सेठ अध्यक्ष झाला.

त्याने पहिलं काम केलं ते तांदूळ बंद करायचं. "अब आपका क्लब घर-घर माँगने जाएगा क्या? मेरी इज्जत का सवाल है," तो म्हणाला. भैयालालला ते पटलं, इतकंच नाही तर आवडलंही. नुकताच रिटायर झाला होता, गुडघे दुखत होते. पायली-पायली तांदूळ खांद्यावरून आणायचा त्याला कंटाळा आला होता, हे त्याने बायकोलाही कबूल केलं. तुळसाबाई एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटात जेवाले बसलं, का मंग आपलं मीठ मांगता येत नाही."

पण दोन वर्षं काय मजा आली! नागपूरचा कोच आला, जबलपूरचे दोन फॉरवर्ड आले, रंगीत जर्सी आल्या, मैदानावर हिरवळ आली. गोंदियाची ढाल पंचशीलने जिंकली त्या दिवशी भैयालाल वाटेतल्या राजेगावच्या नाक्यापासून ट्रकच्या टपावर उभा राहून आला. साठी उलटलेला माणूस, पण पोरासारखा रडला.

संध्याकाळी क्लबसमोरच्या चहाच्या टपरीवर वस्ती जमायची आणि खेळाइतकीच सेठच्या पैशाची चर्चा व्हायची. त्यात एकटा नागसेन मास्तर विरुद्ध बाजूला असायचा. तो बैहरकडच्या शाळेत गणित शिकवायचा, रोज जीपने ये-जा करायचा. लहानपणी भैयालालनेच त्याला चेंडू अडवायला शिकवलं होतं.

"भाऊ, एका मॅचले चाळीस हजार लागते," नागसेन म्हणायचा. "टिकीट नाही. इनाम पंधरा हजार. बाकीचा पैसा कुठून येऊन राह्यला?"

"सेठच्या खिशातून."

"आन् सेठच्या खिशात वापस कसा जाईन?"

"काहून जाईन वापस? शौक हाये त्याचा. तुले मास्तरकीची सवय, जिथं-तिथं गणित. जिंकलो तरी पोट दुखते तुहं."

टपरी हसायची. भैयालालचा शब्द वस्तीत चालायचा, म्हणून नागसेनने हिशेब मागायचा विषय काढला की लोकच त्याला गप्प करत. एकदा तो म्हणाला, "देणगी हाये का कर्ज, एवढं तरी लिहून घ्या." भैयालालला त्या दिवशी खरा राग आला. आयत्या अन्नाला नावं ठेवणाऱ्या पोराला आपण खेळ शिकवला याचीच लाज वाटते, असं तो चारचौघांत बोलला. नागसेनने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि महिनाभर टपरीवर आला नाही.

तिसऱ्या वर्षी जबलपूरचे फॉरवर्ड सुट्टीला गेले ते परतलेच नाहीत. कोचचा पगार थकला. संघ कटंगीलाही गेला नाही. सेठचा फोन लागेनासा झाला. भैयालाल तरीही सांगत राहिला, की धंद्यात वरखाली होतं, थोडा दम धरा. चौथ्या वर्षी, तिसरा हंगाम उलटून गेल्यावर, क्लबच्या खोलीच्या दारावर एक कागद लागला. रविवारी सकाळी दहा वाजता विशेष सभा. क्लबवर अध्यक्षांचे अडतीस लाख कर्ज आहे. त्याच्या फेडीसाठी मैदान अध्यक्षांना देण्याचा ठराव. खाली मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांची यादी होती. वरच्या बारा नावांत वस्तीतल्या दीडशे घरांपैकी कोणीच नव्हतं. तीन हंगाम पायली चुकली होती. सेठचे ड्रायव्हर, मुनीम, भाचे अशा बारा जणांची पायली मात्र दरवर्षी गुपचूप, न चुकता जमा होती. तांदळाची गिरणीच ज्याच्या घरची, त्याला बारा पायल्यांचं काय ओझं?

नागसेन बोटाने यादी वाचत खाली आला आणि थांबला. "भाऊ, तेरावं नाव तुमचं हाये."

भैयालालला वाटलं, मास्तर टोमणा मारतोय. पण नाव होतं. तो तसाच मिलवर गेला. सेठने उठून खुर्ची दिली. "आप तो क्लब की शान हो, भैयालालजी. आपका नाम हम कैसे कटने देते? हर साल एक पायली आपके नाम से डलवा दी." आणि सांगवत नाही, पण सांगायला हवं: ते ऐकून भैयालालला क्षणभर बरं वाटलं. मग तो खुर्चीवरून उठला आणि निरोप न घेताच बाहेर पडला.

मैदानावर सेठ लग्नाचा लॉन काढणार, हेही बाहेर आलं आणि वस्तीत आरडाओरडा झाला. कर्जाचा कागद पहिल्या वर्षीच सही-शिक्क्यानिशी झाला होता. सह्या सेठच्याच माणसांच्या. नागसेनने नियमावलीची जुनी प्रत शोधून काढली आणि रविवारी सकाळीच वकिलाच्या घरी गेला. जाताना म्हणाला, "भाऊ, मी येईस्तोवर काही करू नोका."

दहा वाजले. फाटकाबाहेर वस्ती उभी होती, आत बारा माणसं बसली होती. मुनीम बाहेर येऊन दोनदा म्हणाला, "भैयालालजी, आइए." सेठ घड्याळ बघत होता. भैयालालच्या डोक्यात डोमाजीचे शब्द फिरत होते. मैदानाचं काही करायचं झालं तर तुमच्यातला एक तरी माणूस हजर पाहिजे. अकरातले सहा जण वारले होते, चार परगावी होते. आता आपण बाहेर उभे राहिलो तर म्हाताऱ्याला काय तोंड दाखवायचं? दीडशे घरांचा एक हात उरलाय, तो तरी वर व्हायला हवा. तुळसाबाईने त्याची बाही धरली. "मास्तर थांबा म्हनला ना?"

"डोमाजीले वचन देल्लं हाये मी," तो म्हणाला आणि आत गेला. हजेरीच्या वहीत त्याने ठळक सही केली. ठराव वाचला गेला. बारा हात वर झाले. मग विरोधात कोण, असं विचारल्यावर भैयालाल उभा राहिला.

"ही जागा डोमाजीनं पोराइले खेळाले देल्ली. तुमाले लगनाचा लॉन लावाले नाही देल्ली. माहा विरोध हाये."

शब्द पूर्ण गेले. कोणी त्याला अडवलं नाही. सेठने मान डोलावली, चहा मागवला. भैयालालने चहा घेतला नाही. तो बाहेर आला तेव्हा छाती जरा रुंद झाली होती. हरलो, पण डोमाजीचा शब्द राखला, असं त्याला वाटत होतं.

फाटकात नागसेन मोटारसायकल आडवी टाकून धावत आला. हातात नियमावली होती.

"सही केली का तुमी?"

"केली. आन् विरोधात हात केला. सगळ्याइनं पाह्यलं."

नागसेन तिथेच मातीत बसला. "भाऊ, तुमच्या हाताची गरजच नव्हती. तुमच्या सहीची होती. अकरातला एक माणूस आत नसता, तं सभाच झाली नसती. वकील म्हणे, भैयालाल उकेले फक्त घरी बसवून ठेवा. एवढंच करा लागत होतं." मग नियमावली मिटत तो म्हणाला, "म्हणून तं तीन वर्षं पायली भरली त्यानं तुमच्या नावाची."

डोमाजीने मैदानाला कुलूप घालून दिलं होतं. भैयालाल इतकी वर्षं त्याला आपलं आमंत्रण समजत होता.

आठ दिवसांनी मुनीमाने ठरावाची प्रत घरी पाठवली. तुळसाबाईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "तुमचं नाव हाये का यात?"

"हाये. सगळ्यात वर. संस्थापक सदस्य श्री भैयालाल उके यांच्या उपस्थितीत."

"आन् तुमी नाही म्हनलं ते?"

त्याने कागद उलटून पाहिला. "बहुमतानं मंजूर, एवढंच लिवलं हाये."

मैदानाभोवती पत्र्यांचं कुंपण लागलं. हिरवळ तशीच राहिली, लग्नाच्या मांडवाला ती चांगली दिसते. सेठबद्दल आता टपरीवर फारसं कोणी बोलत नाही; मोठ्या माणसाशी वैर कोण घेणार? चोर सोडून संन्याशाला सुळी, ही आपली जुनी रीत. चर्चा चालते ती भैयालालने किती घेतले याची. कोणी एक लाख म्हणतं, कोणी दोन. यादीत त्याचंच नाव कसं राहिलं, सेठची बाजू तो एवढी का घ्यायचा, सगळं लोकांना आता बरोबर जुळतं.

एका संध्याकाळी भैयालाल टपरीच्या मागून जात असताना नागसेनचा आवाज त्याला ऐकू आला. "तोंड सांभाळून बोला. भाऊनं एक पैसा नाही घेतला. त्याइनं फुकटात देऊन टाकलं."

कोणीतरी हळूच हसलं. दोन लाखवाल्यांचा भैयालालला कधी राग आला नव्हता. त्यांच्या लेखी तो निदान हुशार तरी होता. त्या दिवसापासून तो बाजाराला जाताना लांबच्या रस्त्याने जातो, आणि कोणी विचारलं तर पैसे घेतले नाहीत असं सांगत नाही.